हवामान आराखडा इस्टिमेटमध्ये कसा उतरवायचा?

प्रश्न असा आहे: “पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात मी कनिष्ठ अभियंता आहे. हवामान बदलाच्या आराखड्यासाठी आमच्याकडून मुद्दे मागवलेत. बहुतेक जण वृक्षलागवड, एलईडी दिवे आणि जनजागृती एवढंच लिहून पाठवताहेत. इतक्या मोठ्या, जगभरच्या प्रश्नात महापालिकेच्या हातात नक्की काय असतं? सुरुवात कुठून करायची आणि पैसा कुठून आणायचा?”

पावसाळी पाण्याचा निचरा आणि नगरनियोजन या दोन विषयांत मी बरीच वर्षं वेगवेगळ्या नागरी संस्थांबरोबर काम केलंय. त्या जोरावर सांगते, हातात पुष्कळ असतं आणि त्यातलं बरंचसं तुमच्या टेबलावरून रोज जात असतं. हे दाखवायला तुमच्या ओळखीचंच सूत्र घेते. पावसाळी गटार डिझाइन करताना आपण रॅशनल मेथड वापरतो: विसर्ग = सी × आय × ए ÷ ३६०. ए म्हणजे पाणलोटाचं क्षेत्र, हेक्टरमध्ये. आय म्हणजे पावसाची तीव्रता, तासाला मिलिमीटरमध्ये. सी म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा जमिनीवरून वाहून येतो तो गुणांक. उत्तर मिळतं सेकंदाला घनमीटरमध्ये.

कात्रज किंवा बावधनच्या बाजूचं शंभर हेक्टरचं एक पाणलोट घ्या. माळरान आणि थोडी शेती असेल तर सी साधारण ०.३ धरतात. तासाला ६० मिलिमीटरची सर आली की ओढ्यात सेकंदाला ५ घनमीटर पाणी येतं. त्याच जागेवर सोसायट्या, पार्किंग, सिमेंटचे रस्ते झाले की सी ०.८ पर्यंत चढतो. पाऊस तेवढाच, पाणी १३.३ घनमीटर. आता तापमानवाढीमुळे सर ६० ऐवजी ८० मिलिमीटरची झाली असं धरा. विसर्ग १७.८ वर जातो. पण जमीन पूर्वीसारखी राहिली असती, तर ८० मिलिमीटरच्या सरीलाही ६.७ घनमीटरच पाणी आलं असतं.

हे चार आकडे तुमच्या मुद्द्यांच्या कागदावर सगळ्यात वर लिहा. आय आपल्या हातात नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते आणि ते थोड्या वेळात, जोरात कोसळतं. सी मात्र पूर्णपणे स्थानिक आहे. तो बांधकाम परवानगीत ठरतो, रस्त्याच्या इस्टिमेटमध्ये ठरतो, सोसायटीच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, फरशी टाकायला कोणी हरकत घेतली नाही त्यातही ठरतो. सूत्रात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. जमीन गुळगुळीत झाली की पाणी ओढ्यापर्यंत लवकर पोचतं. पूर्वी तासाभरात गोळा होणारं पाणी वीस मिनिटांत येतं. मग डिझाइनला तासाची सरासरी तीव्रता धरून चालत नाही, त्या वीस मिनिटांतली तीव्रता धरावी लागते आणि ती नेहमीच जास्त असते.

पुण्यानं याची किंमत मोजलेली आहे. जून २०१३ मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीत डोंगर फोडलेल्या जागेवरून पाण्याचा लोंढा थेट सातारा रस्त्यावर आला आणि गाडीतल्या मायलेकी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत घरांत पाणी शिरलं, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. त्या रात्री बहुतेक लोक नदीच्या पुराकडे लक्ष ठेवून होते. पुण्याच्या आठवणीत पूर म्हणजे १२ जुलै १९६१ चा, पानशेतचा. म्हणून आजही आपण धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं ते विचारतो, भिडे पूल पाण्याखाली गेला का ते पाहतो आणि घरामागच्या ओढ्याकडे पाठ करून बसतो. मुठेची पातळी चढायला काही तास लागतात. ओढा अर्ध्या तासात चढतो.

त्यामुळे सुरुवात ओढ्यापासून करा. उगमापासून नदीपर्यंत एकदा पायी जा. एप्रिल-मेमध्ये, तळ कोरडा असताना. बरोबर मलनिःसारण, पथ आणि बांधकाम परवानगी या तिन्ही विभागांचा एकेक माणूस हवाच, कारण दोष नेहमी दोन विभागांच्या मधल्या जागेत असतो. शिवाय आरोग्य कोठीवरचा, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा, मुकादम हवा. कुठल्या चेंबरचं झाकण पहिल्या पावसात उडतं आणि कुठल्या गल्लीत पाणी उंबऱ्याला लागतं, हे त्याला तोंडपाठ असतं. वस्तीत रोज फिरणाऱ्या कचरावेचक बायकांनाही विचारा.

एका कल्व्हर्टपाशी, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीपाशी, थांबून काय बघायचं ते सांगते. समजा तीन गाळ्यांचा कल्व्हर्ट आहे, नकाशात प्रत्येक गाळा दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. खाली उतरून टेप लावा. तळात गाळ आणि राडारोडा दीड-दोन फूट बसलेला असतो. एका गाळ्यातून ड्रेनेजची लाइन जाते आणि तिचं चेंबर ओढ्याच्या पात्रातच उभं असतं. वरच्या अंगाला गाळ्यांच्या तोंडासमोरून पाण्याची लाइन आडवी गेलेली असते, तिच्यावर केबलचे दोन पाइप बांधलेले असतात. आता पाइपाच्या वरच्या बाजूला काय अडकलंय ते बघा: प्लॅस्टिकच्या पिशव्या, साडीचा तुकडा, गादी, झाडाची फांदी. त्या चिंध्या ज्या उंचीवर लटकतात, ती गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याची पातळी. खडूनं खूण करा, फोटो घ्या. कागदावर नऊ चौरस मीटर असलेली वाट प्रत्यक्षात चारही उरलेली नसते. खालच्या अंगाला एखादी सीमाभिंत थेट काठावर येते आणि पात्र निम्मं होतं. जुन्या गाव नकाशावरची रुंदी काढून शेजारी लिहिली, की पुढच्या बैठकीत कोणाला फार बोलावं लागत नाही.

या एका दिवसातून निघणारी कामं छोटी आणि स्वस्त असतात. लाइन कल्व्हर्टच्या तोंडावरून हलवायची. पात्रातलं चेंबर काठावर घ्यायचं. काठावरच्या आडव्या भिंतींना खाली पाणी जायला जाळीदार उघडी जागा सोडायची, कारण बंद भिंत आधी पाणी अडवते आणि मग एकदम फुटून खालच्या घरांवर येते. नालेसफाईच्या टेंडरमध्ये मीटरवर बिल काढण्याऐवजी आधीचा-नंतरचा आडवा छेद आणि वजनकाट्याची पावती मागायची. काढलेला गाळ काठावर ठेवायचा नाही, नाहीतर पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो. डांबराचा जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर टाकायचा नाही. पेठांमध्ये आणि जुन्या सोसायट्यांमध्ये रस्ता थरावर थर चढत गेला, जोती खाली गेली आणि पाणी घरात आलं. या सगळ्याला कोणी हवामान बदलाचं काम म्हणत नाही. पण पावसाच्या वाढलेल्या तीव्रतेला तोंड द्यायला महापालिकेजवळचं सगळ्यात खात्रीचं साधन हेच आहे.

बांधकाम परवानगीच्या बाजूनं सी खाली ठेवण्याचे नियम आधीपासून आहेत. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांना पाऊस साठवण बंधनकारक आहे. घोडं पेंड खातं ते भोगवटा पत्रानंतर. खड्डा खणलेला असतो, दोन वर्षांत तो गाळानं भरतो आणि पुन्हा कोणी तिकडे फिरकत नाही. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संवर्धन यासाठी मिळकतकरात सवलत आहे, एका उपक्रमाला ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. ही सवलत चालू यंत्रणेलाच मिळते आहे ना, हे दरवर्षी पाहणं हे तुमच्या कार्यालयाला सहज जमणारं काम आहे. इथं भूगर्भाचं भान ठेवा. पुण्याखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. वरचा मुरमाड, फुटलेला थर पाणी घेतो, अखंड काळा पाषाण घेत नाही. सरसकट प्रत्येक सोसायटीत एकाच मापाचा शोषखड्डा घेतला तर निम्मे खड्डे नुसते भरून वाहतील. जिथे मुरत नाही तिथे टाकीत साठवा किंवा बागेत थोपवा. तासभर थोपवलं तरी खालच्या कल्व्हर्टला श्वास मिळतो.

टेकड्यांबद्दल मला तडजोड मान्य नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, कात्रजचे उतार हे शहरातले सी कमी ठेवणारे उरलेले मोठे तुकडे आहेत. १९९७ मध्ये आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण त्यासाठीच आलं. उतारावर एक रस्ता फोडला, की त्याच्या कडेनं पाणी वेगानं खाली धावतं आणि जिथे कधी ओढा नव्हता तिथे नवा ओढा तयार होतो. उतारावरच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर खालच्या वस्तीत किती जादा पाणी येईल याचं गणित मागण्याचा आग्रह धरा.

आता मोजमाप. पुण्याचा पाऊस म्हटलं की शिवाजीनगरचा चोवीस तासांचा आकडा सांगतात. ओढ्याच्या डिझाइनला तो अपुरा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रात्रीच्या काही तासांत शंभर मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला आणि मध्यवस्तीतले रस्ते वाहू लागले. चोवीस तासांच्या नोंदीत तोच आकडा संथ भिजपावसासारखा दिसू शकतो. शिवाय वादळी ढग एवढे लहान असतात, की कात्रजला धो धो कोसळताना औंधला रस्ता कोरडा राहतो. महापालिकेच्या शाळांच्या गच्चीवर पंधरा मिनिटांना नोंद करणारी पर्जन्यमापकं बसवणं फार खर्चाचं नाही. भारतीय हवामान विभागाचं हवामान संशोधनाचं मोठं कार्यालय शिवाजीनगरला आहे आणि पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. इतकं ज्ञान शहराच्या हद्दीत बसलेलं देशातल्या फार थोड्या शहरांना लाभलंय. यंत्र कुठे लावायचं, उंची किती, आकडा कसा तपासायचा हे त्यांना पत्र लिहून विचारा.

नदीचा पूर हा वेगळा विषय आहे, कारण त्यात चावी दुसऱ्याच्या हातात असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे आणि विसर्ग किती, कधी हे जलसंपदा विभाग ठरवतो. २४-२५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पहाटेच्या सुमारास खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. मुठेची निळी पूररेषा, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, ६० हजार क्युसेकसाठी आखलेली आहे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची, एक लाख क्युसेकची. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी वेगळं मिळतं हे धरूनही, निळ्या रेषेच्या बऱ्याच आतल्या विसर्गाला घरं बुडत असतील, तर पात्राची वहनक्षमता घटली आहे असाच त्याचा अर्थ होतो. भराव, राडारोडा, पुलांचे खांब, काठावरची बांधकामं, प्रत्येकानं आपला वाटा उचललाय. म्हणून पात्रात कुठलंही काम होताना, मग ते सुशोभीकरण असो वा रस्ता, एकच प्रश्न विचारायचा: यानं पाण्याचा छेद वाढला की घटला?

महापालिकेच्या हातात राहतं ते विसर्गाचं भाषांतर. ‘२५ हजार क्युसेक सोडणार’ हे ऐकून एकतानगरीतल्या आजींना काही कळत नाही. त्यांना कळायला हवं, की दोन तासांत पार्किंगमध्ये पाणी येईल, गाड्या वर न्या, औषधं पिशवीत घ्या. त्यासाठी विसर्गाच्या प्रत्येक टप्प्यासमोर कुठला रस्ता बंद, कुठल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी, कुठली वस्ती हलवायची आणि कुठल्या शाळेत, असा तक्ता लागतो. मागच्या पुरांच्या खुणा मोजून तो तयार होतो, मे महिन्यात सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागतो. निरोप रात्री तीनलाही पोचला पाहिजे. त्या वेळी व्हॉट्सॲप कोणी बघत नाही. वॉचमन, भोंगा, पोलिस चौकी आणि दार वाजवणारा माणूस हीच साखळी चालते. याच साखळीत महावितरणचा अभियंता हवा. जुलै २०२४ च्या त्याच पावसात डेक्कनच्या पुलाची वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. कुठल्या पातळीला कुठला फीडर (वीजवाहिनी) बंद करायचा, हे आधी कागदावर ठरलेलं असेल तर रात्री फोनाफोनी करावी लागत नाही.

२०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिनं महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. आजवर जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत महापालिका एक सदस्य असायची. आता स्वतः बोलावण्याचा आधार मिळाला आहे, त्याचा उपयोग करून घ्या. बोलावायचं कोणाला? जलसंपदा, महावितरण, पोलिस, हवामान विभाग, दोन्ही कॅन्टोन्मेंट आणि विशेषतः पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. राम नदी भूगावच्या वरच्या अंगानं येते. तिथे, आपल्या हद्दीबाहेर, झालेलं प्लॉटिंग औंध-पाषाणच्या काठावर पाणी वाढवतं. हद्दीच्या रेषेवर पाणी थांबत नाही, फाइल मात्र थांबते.

उष्णतेबद्दल पुण्यात अजून पुरेसं बोललं जात नाही. ‘पुण्याची हवा थंड’ ही समजूत फार घट्ट आहे. शिवाजीनगरचं केंद्र तुलनेनं हिरव्या भागात आहे. कोरेगाव पार्क, वडगाव शेरी, लोहगावला त्याच दुपारी पारा कित्येकदा दोन-तीन अंशांनी वर असतो. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला ४० अंशांची किमान अट आहे, त्यामुळे सरकारी अर्थानं लाट नसतानाही माणसं आजारी पडतात. अहमदाबादनं २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये स्वतःच्या मृत्यूंच्या नोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या, स्वतःची धोक्याची पातळी ठरवली आणि शहराचा उष्णता कृती आराखडा केला. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. तो खाली हलवला आणि उष्णतेमुळे त्रास होणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं. खर्च नगण्य. तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रसूतिगृहात, अंगणवाडीत वरच्या मजल्यावर कोण आहे, एवढं या मार्चमध्ये बघून या.

वस्त्यांमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवा. जनता वसाहतीतलं पत्र्याचं घर दुपारी भट्टीसारखं तापतं आणि सूर्य मावळल्यावर तुलनेनं लवकर निवतं. पुनर्वसनाच्या इमारतीतला शेवटचा मजला दिवसभर उष्णता पितो आणि रात्री अकरापर्यंत ती खोलीत सोडत राहतो. पहिल्या घरात दुपारी घरबसल्या काम करणारी बाई आणि तान्हं मूल धोक्यात असतं. दुसऱ्या घरात दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाला झोप लागत नाही, आणि रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन त्याला झेपत नाही. छताला पांढरा उष्णतारोधक थर दोन्हीकडे उपयोगी पडतो. चुना स्वस्त आहे, पण पावसात धुऊन जातो, दर फेब्रुवारीत पुन्हा लावावा लागतो. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच केलं. आपल्याकडे निदान महापालिकेच्या शाळा, दवाखाने, कोठ्या आणि बसथांबे यांच्या दुरुस्तीच्या इस्टिमेटमध्ये ही बाब कायमची घालता येते. आणि महापालिकेच्या कंत्राटातले रस्तेदुरुस्तीचे, झाडलोटीचे कामगार एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार उन्हात नसावेत. टेंडरच्या अटीत एक ओळ टाकली की झालं.

झाडांबद्दल थोडं. लागवडीचा आकडा पाठवू नका, तीन वर्षांनी जगलेल्या झाडांचा पाठवा. रस्त्यावरच्या जुन्या झाडाच्या बुंध्याला सिमेंटनं आवळलं, की मुळं कमकुवत होतात आणि वळवाच्या पावसात ते गाडीवर पडतं. मग लोक झाडालाच दोष देतात. बुंध्याभोवती किमान एक मीटर मोकळी माती ही फुटपाथच्या इस्टिमेटमधली बाब करा.

डासांमुळे होणारे आजार हवामानाशी बांधलेले आहेत. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी पुण्याचाच डेंगी अभ्यासला आणि २०२५ च्या सुरुवातीला निष्कर्ष मांडले: पावसाळ्यातलं २७ अंशांच्या वरचं तापमान आणि मध्यम, पावसाळाभर सारखा विभागून पडणारा पाऊस डेंगी वाढवतो, तर मुसळधार पाऊस अंडी-अळ्या धुऊन नेतो. म्हणजे जोराच्या पावसानंतर नाही, तर रिपरिप चालू असलेल्या आठवड्यांत कीटकनाशक विभागाची माणसं वाढवायची. दोन विभागांनी एकमेकांना आकडे दिले तर हे अंदाजपत्रकात एक रुपया न वाढवता होतं.

दुष्काळाची बाजू विसरू नका. सप्टेंबर २०१५ पासून पुण्याला कित्येक महिने दिवसाआड पाणी होतं. शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं आणि त्याची झळ दौंड-इंदापूरच्या शेतीला बसते. गळती थांबवणं आणि बांधकामाला प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायला लावणं, ही दोन कामं पाणीही वाचवतात आणि पंपाची वीजही. कर्ब उत्सर्जनात महापालिकेचा सगळ्यात सोपा वाटा इथेच आहे: पाणी उपसण्याचं वीजबिल. दुसरा म्हणजे ओला कचरा. तो डेपोत कुजला की मिथेन निघतो. ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांमुळे दारातच वर्गीकरण होतं, ती व्यवस्था बळकट करणं हे हवामानाचंही काम आहे. तिसरा म्हणजे बस. मेट्रो येऊनही पीएमपीची बस दहा मिनिटांत मिळत नसेल तर माणूस दुचाकीच काढणार. याहून जास्त इथे लिहीत नाही, कारण क्षेत्रीय कार्यालयाच्या हातात त्यातलं थोडंच आहे.

पैशाचं. हवामान बदलासाठी वेगळा मोठा निधी येईल आणि मग काम सुरू करू, असं म्हणून थांबू नका. पंधराव्या वित्त आयोगानं नागरी पूर सौम्यीकरणासाठी सात महानगरांना निधी सुचवला, त्यात पुण्यासाठी २५० कोटी होते. असे पैसे ज्या शहराकडे तयार प्रकल्प असतात तिकडे लवकर जातात. महापालिकेनं २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, तोही मार्ग माहितीचा आहे. तुमच्या पातळीवर खरा पैसा म्हणजे दरवर्षी रस्ते, गटारं, शाळादुरुस्तीवर खर्च होतोच तो. मुंबईनं मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०२४ मध्ये अर्थसंकल्पातल्या कुठल्या तरतुदी हवामानाशी जोडलेल्या आहेत याचा स्वतंत्र अहवाल काढला. तुम्ही हे आजच, एका साध्या प्रश्नानं सुरू करू शकता. प्रत्येक पूर्वगणनपत्रकाच्या (इस्टिमेटच्या) टिपणीत एक परिच्छेद: या कामानं पाण्याची वाट रुंदावते की अरुंद होते, सावली वाढते की घटते, माती उघडी राहते की झाकली जाते? उत्तर वाईट असेल तर काम रद्द होईलच असं नाही, पण सही करणाऱ्याला ते वाचावं लागेल.

आणखी दोन दारं. नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. लोक बाकडी आणि फरशा मागतात, कारण त्यांना तेवढंच माहीत असतं. ओढ्याच्या पाहणीचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवा, कल्व्हर्टची मागणी आपोआप येईल, आणि लोकांनी मागितलेलं काम बदलीनंतरही टिकतं. दुसरं म्हणजे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. महापालिका कायद्यानुसार तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे यावा लागतो. तुमचे आकडे त्यात गेले की ते नोंदीवर राहतात, पुढच्या वर्षी कोणीतरी विचारतं.

तर मुद्द्यांच्या कागदावर तुमच्या कार्यालयाकडून हे जाऊ द्या: हद्दीतल्या प्रत्येक ओढ्याचा पाहणी नकाशा, प्रत्येक कल्व्हर्टचं कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं माप, अडथळा कोणत्या विभागाचा ते नाव, तीन शाळांवर पर्जन्यमापक, विसर्गाचा तक्ता, वरच्या मजल्यावरच्या दवाखाना-अंगणवाड्यांची यादी. पहिल्या पावसाळ्याआधी एकच ओढा पूर्ण करा, सगळे अर्धवट नको. नकाशाच्या प्रती कोठीवर, चौकीत आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात ठेवा आणि जोराच्या पावसाच्या रात्री कोणत्या कल्व्हर्टवर कोण उभं राहणार, त्याच्या फोन नंबरासह त्याच नकाशावर लिहा.